शितावरून भात, माणसावरून जमात

भात शिजला की नाही हे पाहायला माझी आई पातेल्यातलं एकच शीत चिमटीत धरून दाबायची. मधे कणी लागली नाही की आच बंद. दाणा न् दाणा तपासायची गरज तिला कधी पडली नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण अशाच हजारो स्वयंपाकघरांतून आली असणार. संस्कृतात याला स्थालीपुलाक न्याय म्हणतात. थोडं पाहून सगळ्याविषयी बोलणं म्हणजे सामान्यीकरण, आणि त्याच्यावाचून माणसाचं एक दिवसही भागत नाही. काल या विहिरीचं पाणी गोड लागलं म्हणून आज आपण तिथेच घागर बुडवतो. दहा रुग्णांत दिसलेली लक्षणं अकराव्यात दिसली की डॉक्टर औषध लिहून देतो. सामान्यीकरण हे पाप नाही, तो शहाणपणाचा पाया आहे.

पण आईचा अंदाज बरोबर का यायचा? पातेल्यातले तांदूळ एका पोत्यातले होते, एकदम धुतलेले होते, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर होते. तरीही ती वरवरचं शीत घेत नसे, डाव मधे घालून खालचं काढत असे. आणि एखाद्या दिवशी जुना तांदूळ पुरला नाही म्हणून त्यात नवा मिसळावा लागला, तर एका शितावर विसंबत नसे. म्हण सगळ्यांना पाठ आहे. तिच्यामागची ही अट मात्र आपण स्वयंपाकघरातच ठेवून बाहेर पडतो आणि माणसांविषयी बोलायला लागतो. माणसं एका पातेल्यात शिजत नाहीत.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या अटीचा फार बारकाईने विचार केला होता. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अनुमान शिकवताना जे उदाहरण दिलं आहे, तेही स्वयंपाकघराचंच आहे. चुलीपाशी धूर आणि विस्तव पुन्हा पुन्हा एकत्र पाहिले, त्यावरून 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम मनात बसला, आणि मग लांबच्या डोंगरावर धूर दिसताच तिथे विस्तव आहे हे कळलं. या नियमाला ते व्याप्ती म्हणतात. आता हाच नियम उलटा करून पाहा: 'जिथे अग्नी तिथे धूर'. ऐकायला तितकाच खरा वाटतो, पण खोटा आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर नुसत्या विस्तवाने होत नाही, विस्तवाला ओलं लाकूड मिळालं की होतो. या लपलेल्या ओल्या लाकडाला न्यायशास्त्रात उपाधी असं नाव आहे. दोन गोष्टी कितीही वेळा एकत्र दिसोत, तिसरी कुठली गोष्ट त्यांना जोडते आहे का हे शोधल्याशिवाय नियम मांडू नये, असा हा दंडक. चार्वाक तर याहून पुढे गेले. सगळे धूर आणि सगळे अग्नी पाहिलेत कुणी, मागचे आणि पुढचे, असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाला उत्तर देता देता पिढ्यान् पिढ्यांचे पंडित थकले. विस्तवाविषयी बोलताना ज्या समाजाने इतकी सावधगिरी बाळगली, त्याच समाजात 'त्या जातीचे लोक असेच' हे वाक्य चहाचा घोट घेता घेता बोललं जातं आणि समोरचा मान डोलावतो. या विसंगतीची मला लाज वाटते.

मन असं का करतं, याचं उत्तरही आपल्या एका म्हणीत आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पोळलं गरम दुधाने, भीती बसली ती सगळ्या पांढऱ्या पातळ पदार्थांची. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट एका तान्ह्या मुलावर करून पाहिली. मुलाने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटायचा. काही वेळातच मूल उंदीर पाहून रडू लागलं. मग सशाला भ्यालं, कुत्र्याला भ्यालं, केसाळ कोटालाही भ्यालं. आज असा प्रयोग कुणाला करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्या मुलाचं रडणं आपल्या सगळ्यांच्या आत आहे. सशाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं.

दुसरा एक प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात हातोडा नाही, भीती नाही, फक्त वाचन आहे. १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांतल्या माणसांविषयी छोटी छोटी वाक्यं वाचायला दिली. एका गटाविषयी २६ वाक्यं होती, त्यांतली १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट वागण्याची. दुसऱ्या गटाविषयी १३, त्यांतली ९ चांगली आणि ४ वाईट. हिशेब करून पाहा, प्रमाण अगदी सारखं आहे. तरीही वाचणाऱ्यांना लहान गट जास्त वाईट वाटला. लहान गटातला माणूस क्वचित दिसतो, वाईट कृत्यही क्वचित घडतं. दोन्ही दुर्मीळ गोष्टी एकदम दिसल्या की त्यांची गाठ मनात पक्की बसते. गटांना नावसुद्धा नव्हतं, इतिहास नव्हता, वैर नव्हतं. मग ज्यांना नाव आहे, वेश आहे, बोली आहे, जे गावात राहत नाहीत, माळावर पालं ठोकून चार दिवस थांबतात आणि पुढे जातात, त्यांच्याविषयी गावाच्या मनात काय होत असेल?

याचं उत्तर आपल्या इतिहासात कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला त्याचा गाभा असा होता: हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार. इंग्रजांनी हा विचार इंग्लंडातून आणला असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरवण्याची रीत त्यांना इथे तयार मिळाली. त्यांनी तिच्यावर सरकारी शिक्का मारला. कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला, १९११ आणि १९२४ च्या सुधारणांनी देशभर पसरला. जमातीचं नाव यादीत आलं की तिच्यातल्या माणसांची नोंदणी, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. आपल्याकडे सोलापुरात तारेच्या कुंपणामागे अख्ख्या वसाहती वसवल्या गेल्या. आत जन्मलेल्या मुलाने अजून काहीच केलेलं नसायचं, कुंपण मात्र त्याच्याआधी तयार असायचं.

या कायद्यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवतो, कारण खोटं सामान्यीकरण स्वतःचा पुरावा स्वतःच कसा तयार करतं हे तिच्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. हजेरी चुकवणं हाच गुन्हा होता. परवान्याशिवाय शेजारच्या गावी जाणं हाही गुन्हा होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे, तिकडून निरोप आला, माणूस रात्री निघाला, पकडला गेला, शिक्षा झाली. ती शिक्षा नोंदवहीत गेली. दहा वर्षांनी एखाद्या अधिकाऱ्याने नोंदवही उघडली की त्याला दिसायचं, या जमातीत शिक्षा झालेले किती आहेत! आणि तो प्रामाणिकपणे लिहायचा, जमात गुन्हेगार आहे. गावात चार गल्ल्या असताना पहारेकऱ्याने कंदील घेऊन एकाच गल्लीत फिरायचं आणि सकाळी सांगायचं, चोर त्याच गल्लीत सापडतात. बाकीच्या तीन गल्ल्यांत काय झालं ते त्याला माहीत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही.

ओलं लाकूड कुठे होतं, तेही पाहू. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर नेत असत. १८५३ नंतर रेल्वे पसरली आणि तो व्यापार गेला. पारध्यांचं पोट रानावर होतं. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारचं झालं, आणि स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने उरलीसुरली शिकारही गुन्हा ठरली. वन्यजीव राखायला हवेत यात शंका नाही. पण ज्याच्या हातातला फास काढून घेतला त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न कुणी विचारला? कैकाड्याच्या टोपलीच्या जागी प्लास्टिक आलं, वडाराच्या जात्यापाट्याच्या जागी मिक्सर आला. भूक, हिसकावलेली जमीन, बंद झालेला धंदा, आणि काम मागायला गेलं की नाव ऐकून मिटणारा दरवाजा, ही ती उपाधी. ती काढा आणि व्याप्ती टिकते का पाहा.

कुणीतरी ते करून पाहिलं आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना सगळा मुलूख चोर म्हणत होता त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला राहायला जागा दिली, काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. आपल्या राखणीला त्यांना उभं केलं! राजाच्या लहरीची गोष्ट म्हणून आपण ती कौतुकाने सांगतो. मला त्यात तर्कशास्त्र दिसतं. महाराजांनी आच बदलली, पाणी बदललं, आणि शीत वेगळं निघालं.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर ही माणसं आणखी पाच वर्षं सोळा दिवस कायद्याने जन्मजात गुन्हेगार होती. म्हणूनच भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. आपल्यापैकी किती जणांच्या दिनदर्शिकेत तो असतो? आणि रद्द झाल्यावर लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यांत जमातीचं नाव नव्हतं, व्यक्तीच्या शिक्षेचा हिशेब होता. कागदावर ही मोठी सुधारणा होती. पण ठाण्यातलं मन कागदाइतकं लवकर बदलत नाही.

ते किती सावकाश बदलतं याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयातच आहे. २००३ साली महाराष्ट्रात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला. भयंकर गुन्हा होता. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काहींची फाशी कायम केली, बाकीच्यांची शिक्षा वाढवून फाशी केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या छायाचित्रांच्या वहीतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. यात ज्या कुटुंबाची माणसं मेली त्यांनाही न्याय मिळाला नाही, हे आपण विसरतो. चुकीच्या सामान्यीकरणाने निर्दोष अडकतो तेव्हा दोषी मोकळा सुटतो.

आणि सगळा दोष पोलिसांच्या पदरात टाकू नका, तेही सामान्यीकरणच होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर हिंडत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण मेले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. पिढ्यान् पिढ्या हा समाज दारोदार भिक्षा मागत आला आहे, आपल्या आजीने त्यांच्या झोळीत पीठ घातलेलं आहे. त्याच सुमारास मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला वाचवलं ते पोलिसांनीच. राईनपाड्यात मारणारे हात सराईत गुंडांचे नव्हते. बाजाराला आलेल्या, घरी लेकरं असलेल्या माणसांचे होते. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण मुलांना वाचवतो आहोत. मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

अनोळखी वेश आणि एक अफवा यांमधून 'हे तेच' हा निष्कर्ष निघायला किती मिनिटं लागली असतील? त्यातला एकही दुवा तपासलेला नव्हता. पण जिभेवर निष्कर्ष आधीपासून तयार होता. जिभेविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, कारण आपण लेखक, शिक्षक, पत्रकार तिच्यावर पोट भरतो. वर्तमानपत्रात आपण वाचतो, भामट्याने वृद्धेला गंडा घातला. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत एका जमातीचं नाव आहे. उचल्या हेही तसंच. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं, १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तक अभ्यासक्रमात गेलं, आणि आपण तो शब्द शिवीसारखा वापरत राहिलो. जमातीचं नाव हेच गुन्ह्याचं सामान्यनाम झालं की तर्काची पायरीच उरत नाही. वाक्य उच्चारलं की निकाल लागलेला असतो.

दुसरी खोड व्याकरणाची आहे. 'डासांमुळे हिवताप होतो' हे आपण म्हणतो आणि ते बरोबर मानतो. खरं तर हिवताप पसरवते ती ॲनोफिलीस डासाची मादी, तीही जंतू पोटात असलेली. बाकीचे असंख्य डास त्यात नाहीत. 'सगळे', 'काही', 'एक' हे शब्द गाळले तरी वाक्य पुरं वाटतं, आणि गाळलेली जागा ऐकणारा आपल्या भीतीने भरतो. डासांच्या बाबतीत हे चालून जातं, मच्छरदाणी लावताना भेद करायची गरज नसते. 'पारधी चोऱ्या करतात', 'मुसलमान असे असतात', 'बिहारी तसे असतात', 'घाटी लोकांना रीत नसते', ही वाक्यं त्याच साच्यातली आहेत. मुंबईत दुसऱ्या प्रांतातल्यांविषयी असं बोलणारा मराठी माणूस परप्रांतात गेला की त्याच्याविषयीही हेच बोललं जातं, आणि तेव्हा त्याला ते लागतं.

समोर उलटं उदाहरण आलं तरी हा साचा मोडत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहावर लिहिलेल्या ग्रंथात याची नोंद केली आहे: कुंपणाबाहेरचा एखादा चांगला निघाला की आपण त्याच्यापुरतं दार उघडतो आणि पुन्हा घट्ट लावून घेतो. मराठीत त्या दाराला एक ठरलेलं वाक्य आहे: 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!' हे कौतुक म्हणून बोललं जातं. भाड्याचं घर बघायला आलेल्या प्राध्यापकाला, नव्या नर्सला, मुलाच्या मित्राला. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहा. त्याला सांगितलेलं असतं की तुझी आई, तुझे भाऊ, तुझी आळी आम्हाला अजून तशीच वाटते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्याच निकालात गेल्या. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं उलटल्यावर! न्यायालय नियमावलीतली ओळ खोडू शकतं. पोळ्या लाटता लाटता मोलकरणीविषयी बोललेली ओळ, हजेरी घेताना गुरुजींनी आडनावावर दिलेला जोर, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत भाडेकरूविषयी हळूच विचारलेला प्रश्न, हे खोडायला न्यायाधीश येणार नाहीत. ते आपल्याला रोज, आपल्याच तोंडातून खोडावं लागेल. 'ते लोक' म्हणायच्या जागी 'त्या माणसाने' म्हणायचं. किती जण पाहिले, ते विचारायचं. उलटं उदाहरण शोधायचं, आणि सापडलं तर नियम सोडायचा, उदाहरण नव्हे. मुलांना म्हण शिकवाल तेव्हा पातेल्याची अटही शिकवा.

मी सातवीत होतो तेव्हा वर्गातले सहलीचे पैसे हरवले. गावाबाहेरच्या माळावर पालं पडली होती, तिथला एक मुलगा त्या वर्षी आमच्या वर्गात आला होता आणि माझ्या बाकावर बसायचा. गुरुजींनी सगळ्यांची दप्तरं तपासायची ठरवली. सगळ्यांची, यात अन्याय नव्हता. पण सुरुवात त्याच्यापासून झाली. त्याचं दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, ती टेबलावर उलटी केली. दोन वह्या, अर्धी भाकरी, शिशपेन्सिलीचा तुकडा. मग दुसऱ्या कुणाचं दप्तर उघडलंच नाही, तास संपला. दोन दिवसांनी पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आत सापडले. 'सापडले रे पैसे', असं गुरुजी वर्गाला म्हणाले आणि गणित सुरू केलं. तो माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकावर मी एकटाच होतो.